येस्पर स्किबी: पिवळ्या जर्सीपेक्षा लाडका ठरलेला डॅनिश सायकलपटू

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली मुलगी नोकरीनिमित्त कोपनहेगनमध्ये राहते. तिथल्या कार्यालयात सायकल शर्यतींचा विषय निघाला की पन्नाशीपुढची मंडळी टूर द फ्रान्स जिंकलेल्या ब्यार्ने रीसबद्दल जरा जपून बोलतात, पण येस्पर स्किबीचे नाव निघताच त्यांचे चेहरे खुलतात. स्किबीच्या खात्यावर फारशा मोठ्या शर्यती दिसत नाहीत, शिवाय त्याने पुढे डोपिंगची कबुली दिलेली आहे. मग ही लोकप्रियता नेमकी कशाची, असे आपण विचारले आहे. मी तरुणपणी रस्त्यावरच्या शर्यतींत उतरत असे आणि गेली पंचवीसेक वर्षे मुलांना याच शर्यतींसाठी तयार करतो आहे. स्किबीची कारकीर्द मी पहिल्यापासून कुतूहलाने पाहत आलो, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

स्किबी आणि रीस यांना शेजारी शेजारी ठेवूनच सुरुवात करावी लागते, कारण नियतीनेच त्यांना तसे ठेवले होते. स्किबीचा जन्म २१ मार्च १९६४ चा, सिल्केबोर्गचा. रीसचा ३ एप्रिल १९६४ चा, हेर्निंगचा. युटलंड द्वीपकल्पाच्या मध्यभागातील ही दोन्ही गावे एकमेकांपासून सायकलने अर्ध्या दिवसाचीसुद्धा वाट नाही. दोघेही १९८६ मध्ये व्यावसायिक झाले. १९८९ च्या जिरो द'इटालियात (इटलीतील तीन आठवड्यांच्या शर्यतीत) दोघांनीही एकेक टप्पा, म्हणजे एका दिवसाची शर्यत, जिंकला आणि १९९३ च्या टूर द फ्रान्समध्येही तेच घडले. वय, गाव, काळ, शर्यती, सगळे सारखे असताना लोकांनी एकाला मखरात बसवले आणि दुसऱ्याला घरात घेतले. आपल्या प्रश्नाचे उत्तर या फरकात आहे.

सिल्केबोर्गजवळ हिमेलब्येर्ग नावाची एक टेकडी आहे. तिच्या नावाचा अर्थ ‘आकाशपर्वत’ असा होतो आणि तिची उंची अवघी १४७ मीटर आहे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला यावर हसू येईल, पण डेन्मार्कचे सर्वांत उंच नैसर्गिक ठिकाणही समुद्रसपाटीपासून १७१ मीटरपेक्षा वर जात नाही. तिथल्या सायकलपटूला डोंगर घडवत नाही, वारा घडवतो. बाजूने सतत येणाऱ्या वाऱ्यात पुढच्याच्या आडोशाला नेमके कुठे राहायचे, वाऱ्यापासून बचावासाठी सायकलपटूंनी धरलेली तिरपी रांग कधी तुटणार हे अर्धा मिनिट आधी कसे ओळखायचे आणि आडोसा सोडून एकट्याने किती वेळ तग धरायचा, हे डॅनिश मुलाच्या अंगात लहानपणीच मुरते. स्किबी याच मुशीतला होता. उंच घाटांवर तो पहिल्या फळीत नसे, केवळ वेगाच्या जोरावर घोळक्याची अंतिम धाव जिंकणाराही तो नव्हता. मात्र मधल्या प्रदेशात, म्हणजे छोटे उभे चढ, अरुंद रस्ते, वारा आणि दमलेले प्रतिस्पर्धी असा मामला असला की तो धोकादायक ठरत असे.

अशा सायकलपटूचे काम किती कठीण असते हे आकड्यांत समजून घेतलेले बरे. ताशी ४५ किलोमीटरांच्या वेगाने जाणाऱ्या घोळक्याच्या पोटात बसलेला माणूस आडोशामुळे साधारण एक तृतीयांश श्रम वाचवतो. घोळक्यातून निसटलेल्याला ही सवलत मिळत नाही, त्यामुळे दहापैकी बहुतेक वेळा तो शेवटच्या काही किलोमीटरांत पकडला जातो. म्हणजे स्किबीसारख्या माणसाच्या नशिबी अपयश हा नियम आणि यश हा अपवाद असतो. तरीही त्याने फ्रान्सची टूर, इटलीची जिरो आणि स्पेनची व्हुएल्टा या तीन आठवडे चालणाऱ्या तिन्ही महाशर्यतींत टप्पे जिंकले. आपण लिहिता तशी त्याची कारकीर्द अगदी रिकामी नाही. तिन्ही महाशर्यतींत टप्पा जिंकणे ही आजही अभिमानाने मिरवण्याची गोष्ट मानली जाते. माड्स पेडरसन या डॅनिश सायकलपटूचे २०२३ मध्ये हे त्रिकूट पूर्ण झाले तेव्हा त्याचे किती कौतुक झाले ते आपल्या मुलीने तिथे पाहिले असेल.

आता त्या प्रसंगाकडे वळतो, ज्यामुळे डेन्मार्कबाहेरही स्किबी ओळखला जातो. ५ एप्रिल १९८७, बेल्जियममधील टूर ऑफ फ्लँडर्स ही एका दिवसाची शर्यत. स्किबी तेव्हा २३ वर्षांचा, बेल्जियमच्या रोलँड संघात दुसऱ्याच मोसमात असलेला, फारसा कुणाला माहीत नसलेला मुलगा होता. तो आघाडीवर एकटा होता आणि समोर कोपेनबर्गचा चढ आला. आउडेनार्डेजवळची ही चढण जेमतेम ६०० मीटर लांब आहे, पण तिचा सरासरी चढ साडेअकरा टक्क्यांच्या आसपास आणि सर्वांत उभा भाग २२ टक्क्यांचा आहे; रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना उंच बांध, आणि पायाखाली गुळगुळीत झालेले गोलसर दगड, ज्यांना फ्लँडर्सची माणसे ‘पोरांची डोकी’ म्हणतात. १९७६ मध्ये ही चढण पहिल्यांदा शर्यतीत आली तेव्हा साक्षात एडी मर्क्सला, बेल्जियमच्या त्या दिग्गज सायकलपटूला, उतरून चालावे लागले होते.

असल्या चढावर काय होते, ते ज्याने कधी ओल्या दगडांवरून सायकल चढवली आहे त्याला सांगावे लागणार नाही. उभे राहून पेडल मारले तर मागच्या चाकावरचा भार सुटतो आणि ते जागच्या जागी फिरते. बसून राहावे तर पुढचे चाक उचलले जाते. त्यामुळे कमरेत वाकून, छाती हँडलवर टेकवून, पार्श्वभाग खोगिराच्या टोकाशी ठेवून, जवळपास चालण्याच्या वेगाने तोल सांभाळत वर सरकायचे असते. एकदा थांबलात तर पुन्हा सुरुवात होत नाही, कारण पहिले पेडल मारण्याइतका वेगच तिथे मिळत नाही. एकटाच बराच वेळ वाऱ्याशी झुंजून आलेला स्किबी नेमक्या याच ठिकाणी मंदावला होता.

त्याच्या मागे शर्यत-संचालकाची मोटार होती आणि तिच्या मागे अगदी थोड्या अंतरावर मुख्य घोळका येऊन ठेपला होता. आघाडीचे अंतर असे घटू लागले की आघाडीवीर आणि घोळका यांच्या मधल्या मोटारी आधीच बाजूला काढायच्या, हा शर्यत चालवण्याचा प्राथमिक संकेत आहे. तो इथे पाळला गेला नाही, आणि एकदा चढणीत शिरल्यावर मोटारीला बाजूला व्हायला जागाच उरली नाही. थांबावे तर मागून येणारी सगळी शर्यत अडते, म्हणून चालकाने स्किबीला ओलांडून पुढे जायचे ठरवले. मोटारीचा धक्का लागला, स्किबी उजवीकडच्या बांधाकडे कोसळला, त्याचे पाय अजून पेडलांत अडकलेले होते, आणि मोटार थांबण्याऐवजी त्याच्या सायकलच्या मागच्या चाकावरून तशीच पुढे निघून गेली. त्याचे पाय थोडक्यात वाचले. सायकल चेपली, आघाडी संपली, शर्यत त्या दिवशी क्लोद क्रिकिलियॉनने जिंकली, आणि कोपेनबर्ग पुढे २००२ पर्यंत शर्यतीच्या मार्गातून वगळला गेला. रस्त्याची दुरुस्ती करून दगड नव्याने बसवल्यावरच तो परत आला.

(माझ्या स्वतःच्या उमेदीच्या काळात एका शर्यतीत घाटाच्या वळणावर संयोजकांच्या जीपने मला असेच कडेला दाबले होते. मी गटारात गेलो, जीपमधील गृहस्थांनी हात हलवून ‘चला, चला’ म्हटले आणि ते निघून गेले. तेव्हापासून मी मुलांना शर्यतीतील पहिला शत्रू चारचाकी असतो असे शिकवतो, आणि कोपेनबर्गचे ते दृश्य प्रत्येक नव्या तुकडीला दाखवतो.)

बहुतेक परदेशी लेखक स्किबीची गोष्ट इथेच संपवतात आणि त्याच्या लोकप्रियतेचे श्रेय त्या मोटारीला देऊन टाकतात. मला हे पटत नाही. अन्याय झालेल्या खेळाडूबद्दल सहानुभूती वाटते, पण सहानुभूती दोन-चार मोसम पुरते. स्किबी २००० पर्यंत शर्यतींत राहिला आणि त्याची लोकप्रियता या पंधरा मोसमांत वाढत गेली. तिचे मूळ चढणीवर नव्हते, टप्पा संपल्यानंतरच्या मिनिटभराच्या बोलण्यात होते.

हे समजायला डेन्मार्कचा त्या वेळचा दूरचित्रवाणीचा काळ लक्षात घ्यावा लागतो. १९८८ पर्यंत त्या देशात एकच राष्ट्रीय दूरचित्रवाणी संस्था होती. त्या वर्षी ‘टीव्ही टू’ सुरू झाली. यॉर्न मेडर आणि यॉर्गन लेथ या जोडीच्या समालोचनामुळे टूर द फ्रान्स ही जुलै महिन्यातली घराघरातली गोष्ट झाली. लेथ हा मूळचा कवी आणि चित्रपट-दिग्दर्शक, त्यामुळे तासन्‌तास काहीच न घडणाऱ्या सपाट टप्प्यांवरही त्याच्याकडे बोलण्यासारखे पुष्कळ असे. प्रेक्षक तयार झाला, आवाज मिळाले. आता समोर बोलणारा खेळाडू हवा होता. व्यावसायिक सायकलपटूंचे बोलणे बहुधा कसे असते हे आपण ऐकले असेलच: पाय चांगले होते, संघाने छान काम केले, उद्या बघू. स्किबी मात्र अंगावर धूळ आणि तोंडावर मीठ साचलेल्या अवस्थेत कॅमेऱ्यासमोर येई आणि स्वतःचीच टिंगल करत, फजिती रंगवून सांगत बोलू लागे. हरलेल्या दिवशीही त्याच्याकडून ऐकण्यासारखे काहीतरी मिळे, आणि आधी सांगितले तसे, त्याचे बहुतेक दिवस हरण्याचेच असत. त्यामुळे लोकांच्या दृष्टीने त्याचा हंगाम कधी रिकामा जात नसे.

दुसरे असे की तो डॅनिश प्रेक्षकाला वाट पाहायला लावत असे. सर्वसाधारण क्रमवारीसाठी, म्हणजे सगळ्या टप्प्यांच्या एकूण वेळेवर ठरणाऱ्या विजेतेपदासाठी, खेळणारा सायकलपटू तीन आठवड्यांतून चार-पाच दिवस दिसतो आणि उरलेले दिवस संघाच्या आडोशाला लपून राहतो, कारण त्यातच त्याचे शहाणपण असते. टप्प्यांसाठी खेळणारा कधीही निसटू शकतो. सुट्टीच्या घरात दुपारची कॉफी घेऊन बसलेल्या माणसाला ‘आज स्किबी जाईल का?’ हा प्रश्न रोज पडू शकत असे. शिवाय १९८९ पासून तो नेदरलँड्सच्या टीव्हीएम संघात होता आणि तिथे विजेतेपदाचा दावेदार राखत बसण्याची सक्ती नसल्यामुळे त्याला असे निसटायला मोकळीक होती.

१९९३ च्या टूरमधील तो आठवडा या दोघांच्या तुलनेसाठी फार बोलका आहे. चौथा टप्पा ८१ किलोमीटरांच्या सांघिक कालस्पर्धेचा होता. तिच्यात नऊ जण एकमेकांना ओढत पूर्ण ताकदीनिशी पळतात आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचेच पाय जड असतात. अशा दिवशी घोळका पाठलाग करायला आळसावतो, म्हणून संधीसाधूंची नजर त्यावर असते. पाचव्या टप्प्यात, आव्राँश ते एव्रू या सुमारे २२५ किलोमीटरांच्या वाटेवर, ८ जुलैला स्किबी जिंकला. दोन दिवसांनी शालों या गावी संपलेल्या टप्प्यात रीस जिंकला. त्या टूरच्या अखेरीस रीस एकूण क्रमवारीत पाचवा आला आणि तिथून त्याची वाट वेगळी झाली: १९९५ मध्ये तिसरा, १९९६ मध्ये पहिला. स्किबी होता तिथेच राहिला.

१९९६ चा रीस हा मात्र निव्वळ थरार होता आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. टूरमधील ओताकाम या डोंगरी चढावर तो मुद्दाम मागे सरकून प्रतिस्पर्ध्यांचे चेहरे निरखतो आणि मग पेडलाजवळच्या मोठ्या दातेरी चाकावर, म्हणजे जड गिअरमध्ये, सर्वांना मागे टाकतो, हे दृश्य मी त्या काळी डोळे विस्फारून पाहिले होते. ‘हेर्निंगचा गरुड’ म्हणून त्याचे कोपनहेगनमध्ये जे स्वागत झाले, तसे त्या देशाने क्वचितच कुणाचे केले असेल. म्हणूनच ‘डॅनिश लोकांना डोके वर काढणारा माणूस आवडत नाही, त्यामुळे त्यांनी रीसपेक्षा स्किबीला जवळ केले’ हे वारंवार ऐकू येणारे स्पष्टीकरण मला आळशीपणाचे वाटते. लोकांनी रीसवर मनसोक्त जल्लोष केला. पण तो विजयावरचा जल्लोष होता. रीस मितभाषी, आतल्या गाठीचा, सरावात बुडालेला माणूस. विजय ओसरला की त्याच्याशी बोलायला विषय उरत नसे. स्किबीच्या बाबतीत विजय हा मुळात विषयच नव्हता.

आता आपल्या प्रश्नाचा अवघड भाग. १९९० च्या दशकात रक्तातील तांबड्या पेशी वाढवणारे ईपीओ हे द्रव्य शर्यतींत सर्रास शिरले. ते पकडण्याची चाचणी दशक संपेपर्यंत नव्हती. १९९७ पासून केवळ रक्तातील पेशींचे प्रमाण ५० टक्क्यांवर गेल्यास सायकलपटूला काही दिवस बाहेर बसवले जाई, आणि अनेकांनी ती मर्यादा म्हणजे तिथपर्यंत जाण्याची परवानगी असे समजून घेतले. २००६ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात स्किबीने स्वतःहून सांगितले की आपणही अनेक वर्षे ईपीओसह प्रतिबंधित द्रव्ये वापरली. तो कोणत्याही चाचणीत सापडलेला नव्हता आणि निवृत्त होऊन सहा वर्षे झाली होती. पुढच्या वर्षी, २५ मे २००७ रोजी, रीसने पत्रकार परिषद घेऊन १९९३ ते १९९८ या काळातील ईपीओचा वापर मान्य केला आणि टूर-विजेत्याची पिवळी जर्सी घरी खोक्यात पडून आहे, हवी तर येऊन घेऊन जा, अशा आशयाचे उद्‌गार काढले. २०१३ मध्ये रोल्फ सोरेनसेन आणि मिकेल रासमुसेन या डॅनिश सायकलपटूंच्याही कबुल्या आल्या. म्हणजे एव्रू आणि शालोंचे ते दोन विजय आज ज्या काळाच्या सावलीत उभे आहेत, तो काळ दोघांचा एकच आहे.

मग लोकांनी दोघांना वेगळ्या तराजूत का तोलले? एक कारण साधे आहे: रीसच्या कबुलीने देशाचा तोवरचा एकमेव टूर-विजय डागाळला, तर स्किबीच्या कबुलीने देशाचे फारसे काही हिरावले नाही. लोक स्वतःच्या नुकसानीच्या प्रमाणात रागावतात. दुसरे कारण कबुली देण्याच्या रीतीत आहे. रीस बोलला नसता तर त्याचे चालण्यासारखे राहिले नव्हते, कारण त्याचे जर्मनीतील जुने सहकारी त्याच आठवड्यात एकामागून एक बोलू लागले होते आणि तो स्वतः एक मोठा संघ चालवत होता. स्किबीवर त्या क्षणी तशी कोणतीच सक्ती नव्हती.

तरी प्रशिक्षक म्हणून माझे मत लोकांइतके मवाळ नाही. स्किबीची सारी लोकप्रियता मोकळेपणावर उभी होती. हा माणूस आपल्यापासून काही लपवत नाही, अशी प्रेक्षकांची खात्री झालेली होती. प्रत्यक्षात त्याच्या त्या हसऱ्या मुलाखतींच्या काळातच सर्वांत महत्त्वाची गोष्ट झाकलेली होती. रीसने निदान मोकळेपणाचा आव कधी आणला नव्हता. मुलांना शिकवताना मला ही बाब टाळता येत नाही, कारण त्यांना स्किबीच अधिक आवडतो आणि आवडत्या माणसाचे माफ करणे सोपे जाते. त्याच वेळी हेही खरे की स्वच्छ राहिलेले कितीतरी सायकलपटू त्या दशकात घोळक्याच्या शेपटाला लटकत कारकीर्द संपवून घरी गेले आणि त्यांची नावे आज कोणी हसून किंवा रागावून, कशीच घेत नाही.

स्किबीची शेवटची वर्षे एका डॅनिश संघात गेली. हाच संघ पुढे सीएससी नावाने रीसच्या हाती आला आणि जगातील अव्वल संघांपैकी एक झाला, पण तोवर स्किबी सायकल टांगून मोकळा झाला होता. नंतर त्याने बोलण्यालाच व्यवसाय केले आणि व्याख्यानांतून आपल्या कारकिर्दीच्या गोष्टी, फजित्यांसकट, सांगू लागला.

आपली मुलगी कधी बेल्जियमला गेली तर तिला आउडेनार्डेजवळचा कोपेनबर्ग जरूर पाहायला सांगावे. भाड्याची सायकल घेऊन चढायचा प्रयत्न करायचा असेल तर सर्वांत लहान गिअर खालीच टाकून ठेवावा, कारण मधल्या उभ्या भागात साखळी बदलायला गेले तर ती उतरते. बहुतेक पर्यटक तिथेच पाय टेकतात आणि उरलेला चढ सायकल ढकलत जातात. तिने ढकलत जाताना उजव्या हाताचा बांध पाहून घ्यावा आणि मोटारीसकट तिथे किती जागा उरत असेल याचा अंदाज करावा.